वांग्याच्या भाजीतला लाल तुकडा

आमच्या धंद्यात पातेली हरवत नाहीत, चाकू हरवतात. पातेल्याच्या काठावर नाव कोरलेलं असतं, झाऱ्याच्या दांड्यावर ठोकलेली खूण असते, परातीच्या पाठीवर तर गाव आणि सालसुद्धा असतं. चाकूला काही नसतं. लग्नघरी भाजी चिरायला आळीतल्या बाया बसतात, त्या आपापल्या घरचे चाकू घेऊन येतात, त्यात आमचे मिसळतात, आणि वांगी चिरून झाली की कोणाचा चाकू कोणाच्या पिशवीत गेला हे देवालाही सांगता येत नाही. चोरी कोणी करत नाही. सगळ्यांचे चाकू सारखेच दिसतात, एवढंच. एका लग्नसराईला मी बावीस चाकू काढले होते. सराई संपली तेव्हा नऊ उरले, आणि त्यातले दोन माझे नव्हते.

मी भडगावचा. आप्पा आचारी होते, मीही आचारी. गिरणेच्या अलीकडची-पलीकडची गावं, इकडे पाचोरा, तिकडे कजगाव, चाळीसगाव, एवढा आमचा मुलूख. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी हे आमचं ठरलेलं जेवण. हजार पानांचं लग्न असेल तर वांगी पोत्याने येतात, आणि उकडलेल्या बट्ट्या तळणात सोडायच्या आधी कापाव्या लागतात त्या वेगळ्याच. म्हणजे चाकू दिवसभर हातात. तो हातातला चाकू आपला ओळखू यावा म्हणून मी त्याची मूठ रंगवायला घेतली. एवढ्याशा कामात मी तीनदा तोंडघशी पडलो. एकदा पंगतीत मान खाली घालावी लागली आणि एकदा एका बाईच्या हाताला टाके पडले. म्हणून हे लिहितो आहे.

आप्पांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. मुठी बाभळीच्या असायच्या. सुताराकडून तासून आणायच्या, तापलेल्या सळईने दोन ठिपके उमटवायचे, झाली ओळख. लाकडाला रंग द्यायची रीतही जुनीच आहे. सावंतवाडीला खेळणी आणि पोळपाट-लाटणी चरकावर फिरवून त्यावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर बसते. लाकूड रंग धरतं, कारण त्याला रेषा असतात, छिद्रं असतात. मलाही तेच डोक्यात होतं: मूठ म्हणजे मूठ, लाकडाची काय आणि प्लास्टिकची काय. सगळं चुकलं ते इथेच.

2019 सालच्या उन्हाळ्यात, आखाजीच्या आधी, घराच्या दाराला लावून उरलेला लाल ऑईल पेंट कोनाड्यात होता. जळगावच्या फुले मार्केटमधून नवे दोन डझन चाकू आणले होते, पिवळसर पांढऱ्या प्लास्टिक मुठीचे, स्वस्तातले. ओसरीवर बसून ब्रशने सगळ्या मुठी रंगवल्या आणि दोरीवर उलट्या टांगल्या. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. तिसऱ्या दिवशीही चिकट. चौथ्या दिवशी वाळल्यासारखा वाटला म्हणून पहिल्याच कामावर नेले. संध्याकाळी साबणाच्या पाण्यात टाकले आणि बाहेर काढले तेव्हा रंग मुठीवरून अख्खाच्या अख्खा सुटत होता, साप कात टाकतो तसा. एका मुठीवरचं तर पूर्ण टोपण हातात आलं, आत मूठ कोरी करकरीत. ही फजिती तशी बरी होती, कारण ती लगेच कळली.

आमच्याकडे रंगकाम करणारा एक पोऱ्या होता. तो म्हणाला, गुळगुळीतावर रंग धरत नाही, घासून घ्या. पटलं. पॉलिश पेपर आणला, तोही जाडा, ऐंशी नंबरचा. मुठी खसखसून घासल्या. घासल्यावर त्यांना बारीक केसाळ लव आल्यासारखी दिसत होती. ते कशाचं लक्षण आहे हे तेव्हा कळलं नाही. मग लाल रंगाचा स्प्रेचा डबा आणला आणि भर दुपारी, मे महिन्यात, अंगणात रंग मारला. मे महिन्यातली आमच्या खान्देशातली दुपार ज्यांनी सोसली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. रंग डब्यातून निघून मुठीवर पोचेपर्यंत हवेतच अर्धा वाळत होता. मुठीवर बसली ती रंगाची भुकटी, हाताला खरखरीत लागणारी. पण दिसायला लालभडक! आणि या वेळी पाण्यात टाकून पाहिलं तर सुटला नाही. मी खूश. आठ दिवस टिकला. मग तारेच्या घासणीने धुणं सुरू झालं, सोड्याचं पाणी, उन्हात तापणं, रात्री गार होणं, आणि रंग कडेकडेने उचलायला लागला. मला ते दिसत होतं. मी म्हटलं, सराई संपली की पुन्हा मारू.

ते लग्न कुठल्या गावचं हे सांगत नाही. दुसरी पंगत बसली होती. वरपक्षाकडच्या एका आजोबांनी मला बोटाने खुणावून बोलावलं. त्यांच्या पानात भाजीच्या कडेला करंगळीच्या नखाएवढा लाल पापुद्रा होता. मी म्हटलं, “बाबा, मिरचीची साल आहे.” त्यांनी तो उचलला, दोन बोटांत मोडला. तो वाकला नाही, तुटला. “जिभाऊ, हाई मिरचीनी साल नही शे. हाऊ रंग शे.” आवाज अजिबात चढवला नव्हता त्यांनी. मी पातेल्यातली उरलेली भाजी बाजूला काढली, दोन परातींत पसरून पाहिली, आणखी तीन तुकडे सापडले. पहिल्या पंगतीने किती खाल्ले ते कोण सांगणार? मुलीच्या बापाने त्या कामाचे निम्मे पैसे कापले. कमीच कापले.

लाल रंगाची निवड हा त्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा होता, हे मला त्या दिवशी कळलं. लाल मिरची, टोमॅटो, तर्री, गाजर; आमच्या भाजीत लाल तुकडा लपून जातो. हिरवा तर त्याहून लपतो. मोठ्या खाद्यकारखान्यांत आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरात जखमेवर लावायची चिकटपट्टीसुद्धा निळ्या रंगाची वापरतात, कारण निळं अन्न जवळपास नसतंच. पट्टी सुटून पडली तर चटकन दिसते. हे मला नंतर कळलं.

रंगातल्या शिशाचाही विचार मी केला नव्हता. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं असा केंद्र सरकारचा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून तो लागू आहे. पण तो नियम घरगुती रंगांचा. गाड्यांचे, यंत्रांचे, कारखान्यांचे रंग त्यात येत नाहीत, आणि कोनाड्यात पडलेला जुना डबा त्या आधीचा असेल तर त्याचंही सांगता येत नाही. पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांत शिशाची संयुगं वापरायची जुनी पद्धत आहे. स्वयंपाकघरात नेमके हेच रंग लोकांना आवडतात.

तिसरी चूक सांगताना अजून जीभ अडखळते. त्या प्रकारानंतर मी स्वस्तातले चाकू टाकून दिले आणि जरा बरे, काळ्या चकचकीत कडक मुठीचे सहा चाकू घेतले. आता रंग द्यायचा तो नीट. कोणीतरी सांगितलं होतं की मुठीला कारखान्यातला तेलकट थर असतो, तो आधी काढावा लागतो. ते खरंच आहे. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून साच्याला सिलिकॉनसारखं काहीतरी फवारतात, ते थोडंसं मुठीवर राहतं. मी तो थर काढायला एनसी थिनर वापरलं. फडकं भिजवून मुठी चांगल्या चोळल्या, दोन मुठी तर थिनरच्या वाटीत बुडवून ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा चकाकी गेली होती, पृष्ठभाग किंचित चिकट झाला होता. मला वाटलं, वा, आता धरेल. आणि धरलाच! निळा रंग असा बसला की नखाने खरवडून निघेना. सहा महिने एक टवका उडाला नाही. मी चार जणांना अभिमानाने दाखवले ते चाकू.

कार्तिकात एका साखरपुड्याला आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक काकू गंगाफळ कापत होत्या. गंगाफळाची पाठ कडक, त्यांनी चाकू रोवून वरून तळहाताने दाबला आणि मूठ मधोमध उभी फुटली. पातं फिरलं. तळहाताला तीन टाके पडले. फुटलेली मूठ मी घरी आणून पाहिली. निळ्या रंगाखाली प्लास्टिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा गेल्या होत्या. थिनरने ते प्लास्टिक आतून फोडलं होतं, आणि वरच्या सुंदर रंगाने त्या भेगा झाकून ठेवल्या होत्या. रंग नसता तर काकूंना त्या दिसल्या असत्या. “भाऊ, दिसायला लई चांगला होता हो तो चाकू,” एवढंच त्या म्हणाल्या. दवाखान्याचा खर्च आणि आठ दिवसांची मजुरी मी दिली. ती द्यायचीच होती. आप्पा तेव्हा खाटेवर असायचे. त्यांनी ती मूठ हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि माझ्याकडे न बघता परत दिली.

मग मी विचारायला निघालो. आधी विचारायला हवं होतं, हे मान्य.

माझा एक मावसभाऊ जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे. जळगावच्या प्लास्टिक चटया सगळ्या देशात जातात. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो हसला. “अरे, चटई कधी कोणी ब्रशने रंगवलेली पाहिलीस का?” तुमच्या-माझ्या घरात लाल-हिरवी चटई असते, वर्षानुवर्षं पाय घासतात, पाणी पडतं, उन्हाने ती फिक्की होते, पण तिचा पापुद्रा कधी निघतो का? तिला रंग लावलेलाच नसतो. प्लास्टिकचे दाणे वितळवतानाच त्यात रंगाचे दाणे मिसळतात, त्याला ते मास्टरबॅच म्हणतात. रंग पोटातून येतो. चटईचं प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे पीपी, आणि माझे पहिले स्वस्तातले चाकूही पीपीचेच.

पीपी रंग का धरत नाही ते त्याने मला सोप्या शब्दांत सांगितलं. हे प्लास्टिक मेणाचा आणि रॉकेलचा चुलतभाऊ. नुसता कार्बन आणि हायड्रोजन. रंगाने हात पुढे केला तर धरायला कडीच नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा, अळूच्या पानावर बसतो तसा गोल राहील. ज्या मुठीवर पाणी पसरत नाही तिच्यावर रंग तरी कसा पसरणार? घासल्याने कडी तयार होत नाही, लव येते. आणि त्या लवेत रंग आठ दिवस नुसता अडकून राहतो. शिवाय पीपी उन्हाने आणि गरम पाण्याने पोलादाच्या कित्येक पट फुगतं आणि गार झालं की आक्रसतं. दाराचा ऑईल पेंट वाळून कडक होतो, तो त्याच्याबरोबर ताणला जात नाही, तडकतो.

दुसरे गुरू मिळाले ते गॅरेजमध्ये. आमच्या गावात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे एक चाचा आहेत. मी त्यांना विचारलं, मोटारीचा बंपर प्लास्टिकचा, त्यावर रंग कसा टिकतो? ते म्हणाले, “बंपर तुझ्या चाकूच्याच जातीचा. पण आम्ही त्याला वेगळं अस्तर देतो.” त्यांनी छोटा डबा दाखवला, प्लास्टिक प्रायमर, पाण्यासारखा पातळ. यातलं रसायन पीपीच्या जातीचंच असतं, त्याला क्लोरिन जोडलेला असतो. एका बाजूने ते पीपीशी सलगी करतं आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरतं. कारखान्यात याऐवजी झोताच्या आगीवरून बंपर झरकन फिरवतात. आगीने वरच्या थराला ऑक्सिजन चिकटतो आणि मग पाणी पसरतं, रंगही पसरतो. चाचांनी गॅसच्या बत्तीने माझ्या एका जुन्या मुठीवरून निळी ज्योत दोन वेळा फिरवून दाखवली, ओवाळल्यासारखी, क्षणभरही न थांबता. आधी थेंब गोल राहात होता, आता तो सपाट पसरला. मला तो चमत्कार वाटला. मी घरी जाऊन करायला गेलो तेव्हा जरा थांबलो आणि मूठ मेणबत्तीसारखी गळायला लागली. पीपी 160 ते 165 अंशांना वितळतं. त्यामुळे ज्याचा हात बसलेला नाही त्याने अस्तराचाच डबा घ्यावा, असं माझं मत आहे. आणि ज्योत जिथे आहे तिथे स्प्रेचा डबा आसपाससुद्धा नको. त्यात दाबाखालचा गॅस असतो, आणि बहुतेक डब्यांत तो पेट घेणारा असतो.

या सगळ्यातून मी जे शिकलो ते आता सांगतो. ज्याला शेतातल्या, बागेतल्या, वायरी सोलायच्या, पोती फाडायच्या चाकूची मूठ आपल्या मनासारखी रंगवायची आहे त्याच्यासाठी हे आहे. स्वयंपाकघराचं शेवटी बोलू.

आधी मूठ कशाची आहे ते ओळखा. मुठीच्या शेपटाकडून ब्लेडने तांदळाएवढी कपची काढा आणि साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात दाबून बुडवा. वर आली तर पीपी किंवा त्याच्यासारखं काहीतरी. खाली गेली तर दुसरं. खाली गेलेल्याला नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन कापसाने, दिसणार नाही अशा जागी, एकच टिपका लावा. चिकट झालं तर ते एबीएस किंवा त्याच्या नात्यातलं. स्कूटरचे बाजूचे पत्रे म्हणतो आपण, ते बहुतेक एबीएसचेच असतात. यावर रंग उत्तम बसतो, पण थिनर हा त्याचा काळ. माझे काळे चाकू याच जातीचे होते. ॲसिटोनने काहीच झालं नाही तर ते नायलॉन असेल, किंवा महागड्या चाकूंना तीन खिळ्यांनी जडवलेलं काळं, जड, गुळगुळीत ॲसिटल असेल. ॲसिटलच्या नादी लागू नका. त्यावर चाचांचंही अस्तर टिकलं नाही. आणि रबरासारखी मऊ मूठ असेल तर ती रंगवूच नका, कायम चिकट राहते.

स्वच्छतेला भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात इतर ऐवज असतो. थिनरची बाटली त्या खोलीतच ठेवू नका. अल्कोहोलने पुसल्यावर मुठीला उघड्या हाताने शिवायचं नाही, बोटाचं तेल पुरतं घात करायला. त्याआधी पात्यावर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या आणि वर चिकटपट्टी, घट्ट. मी एकदा हे टाळलं आणि मूठ पुसता पुसता अंगठा कापला. तो वेगळ्या फजितीत मोजत नाही. घासायचं असेल तर वॉटर पेपर, चारशे नंबरचा, पाण्यात बुडवून, आणि हलक्या हाताने. एबीएसला हे लागतं. पीपीला नुसती चकाकी मारण्यापुरतं पुरे. लव दिसली की थांबा.

पीपीवर आधी प्लास्टिक प्रायमरचा एकच पातळ हात. जाड दिला तर तोच थर सोलून निघतो. त्यावर रंग कधी मारायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, ती वेळ पाळा. उद्या मारू म्हटलं की काम गेलं. रंग गाड्यांना वापरतात तो दोन भागांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनर घालून. बंपरवाले त्यात लवचीकपणा येण्यासाठी एक द्रव घालतात, तो मागून घ्या. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची फवारणी श्वासात गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुन्हा थोडासा वाससुद्धा सोसत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा करोनात वापरलेला मास्क याला उपयोगी नाही. म्हणून हे काम मी चाचांच्या हातून करून घेतो. एखाद्या गाडीला तो रंग बनतच असतो, त्याच्याबरोबर माझ्या चार मुठी होतात, आणि त्यांना चहापाणी देऊन भागतं. ज्यांना घरीच करायचं आहे त्यांनी एबीएसच्या मुठीवर साधा ॲक्रिलिक स्प्रे, तोही तीन-चार पातळ हात, प्रत्येकात पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, एवढ्यावर समाधान मानावं. तो पीयूइतका टिकणार नाही, हे धरूनच चाला.

वेळेचं म्हणाल तर आमच्याकडे दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस या कामाला चांगले, सकाळी दव उडाल्यावर. मे महिन्यात करायचंच असेल तर सूर्य उगवायच्या आत. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येते, ती जात नाही. आणि रंग हाताला वाळला म्हणजे पिकला असं नाही. पीयूला पूर्ण कडक व्हायला सात दिवस द्या. मी चौथ्या दिवशी कामावर नेले होते, ते वर आलंच आहे. घाईपायी भट्टीत वाळवायचा विचार मात्र करू नका. पावडर कोटिंगवाल्याकडेही चाकू घेऊन जाऊ नका. ती भट्टी 180 ते 200 अंशांची असते, मूठ वितळून खाली येईल.

शेवटी परीक्षा. सात दिवसांनी कोपऱ्यात ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारा, जाळी होईल अशा, त्यावर चांगली चिकट सेलोटेप दाबून बसवा आणि झटकन ओढा. चौकोन टेपबरोबर आले तर सगळं खरवडून पहिल्यापासून. एकही आला नाही तर रंग बसला. ही परीक्षा मी आधी केली असती तर त्या आजोबांच्या पानात तो तुकडा गेला नसता.

आता स्वयंपाकघराचं. इथे माझं मत ठाम आहे आणि ते चाचांना पटत नाही. ते म्हणतात, पीयू बंपरवर दगड सोसतो, तुझी घासणी काय करणार. पण बंपर कोणी रोज तारेने घासत नाही, आणि बंपर भाजीच्या पातेल्यावर धरलेला नसतो. अन्नाला लागणाऱ्या वस्तूवर कितीही चांगला रंग असला तरी तो एक दिवस टवका टाकणारच, आणि तो कुठल्या दिवशी टाकेल ते आपल्या हातात नाही. म्हणून खाण्याच्या कामातल्या चाकूची मूठ रंगवू नये. ओळख हवी असेल तर पोटातूनच रंगलेल्या मुठीचे चाकू घ्यावेत. मोठ्या हॉटेलांत कच्च्या मटणाला लाल, भाजी-फळांना हिरवा, मासळीला निळा असे मुठींचे रंग ठरलेले असतात. तसले चाकू हॉटेलच्या सामानाच्या दुकानात मिळतात, थोडे महाग पडतात. मी निळे घेतले. ते मासळीचे, असं कोणी सांगितलं तर सांगू दे; वांग्याच्या भाजीत निळं लपत नाही.

आणि नावासाठी मी पुन्हा आप्पांकडेच गेलो. पीपीच्या मुठीच्या शेपटाला, हात पडत नाही अशा जागी, तापलेल्या सळईने दोन ठिपके. उघड्यावर करायचं, धुराकडे तोंड ठेवायचं नाही, आणि ठिपक्याची कड थंड झाल्यावर ब्लेडने साफ करायची म्हणजे त्यात घाण बसत नाही. विजेच्या दुकानात मिळणारी रंगीत आक्रसणारी नळीही मी वापरून पाहिली. गरम हवेने ती मुठीवर घट्ट बसते, दिसते सुरेख, पण तिच्याखाली पाणी शिरतं आणि पंधरा दिवसांत वास येतो. शेतातल्या चाकूला ठीक, चुलीजवळ नको.

ज्यांच्या घरात रंगवलेल्या मुठीचा चाकू आत्ता वापरात असेल त्यांनी आज भाजी चिरण्याआधी एवढं करावं: रंगाच्या कडेला नख लावावं. उचललं तर तो चाकू स्वयंपाकघरातून बाहेर काढावा. न उचलता रंग फार घट्ट बसलेला वाटला आणि मूठ कडक, काळी, एबीएससारखी असेल, तर रंग एका जागी खरवडून खाली भेगा गेल्या आहेत का ते उजेडात पाहावं.